गरिबीच्या रेषेत दवाखाना कुठे आहे?

एखादं घर किती सुखात जगतं हे मोजायची आपल्याकडची सरकारी रीत म्हणजे ते घर महिन्याला किती खर्च करतं हे विचारणं. कोरडवाहू शेतकरी, भाजीची हातगाडी लावणारा, रोजंदारीवरचा गवंडी यांच्याकडे पगाराची चिठ्ठी नसते, त्यामुळे उत्पन्नापेक्षा खर्च विचारणं सोयीचं असतं आणि बऱ्याच अंशी रास्तही. मात्र या मापात एक खोट आहे, आणि ती लहान नाही. नमुना पाहणीचा कर्मचारी दारात येतो तेव्हा धान्य, डाळी, तेल, कपडे, घरभाडं, शाळेची फी यांच्या जोडीनं गेल्या ३६५ दिवसांत रुग्णालयात दाखल होऊन केलेला खर्चही तो लिहून घेतो. त्याचा महिन्याचा हिस्सा काढून तो घराच्या एकूण खर्चात मिळवला जातो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत, बाळंतपणं वगळता, खासगी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ३१,८४५ रुपये निघाला. पाच माणसांच्या घरावर आणि बारा महिन्यांवर तो वाटला तर माणशी दरमहा ५३१ रुपये होतात. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साली ग्रामीण भागासाठी काढलेली दारिद्र्यरेषा होती माणशी दरमहा ८१६ रुपये. मधल्या सहा वर्षांची महागाई धरून ही रेषा वर सरकवली, तरी एका आजारपणाचं बिल त्या रेषेच्या चाळीस टक्क्यांहून जास्त भरतं. म्हणजे कर्त्या माणसाला अपघात झाला, बायकोचे दागिने गहाण पडले, सावकाराकडून पैसे उचलले आणि ते सगळे रुग्णालयात भरले, तर कागदावर हे घर गरिबीच्या रेषेतून वर आल्यासारखं दिसू शकतं. खर्च वाढला आहे ना!

राहणीमानाबद्दलची आपली बरीचशी चर्चा या एका गोंधळावर उभी आहे. खर्च हा सुखाचा आरसा मानला की दुखणं आणि महागाई या दोन्ही गोष्टी त्या आरशात उलट्या उमटतात. दुखण्यानं खर्च वाढतो आणि घर खालावतं. महागाईनं खर्च वाढतो आणि ताटातलं कमी होतं. म्हणून घर कसं जगतंय हे पाहायचं असेल तर औषधपाण्याचा खर्च आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता बाजूला काढून, मग पोटाला, अंगाला आणि उद्यासाठी काय उरतं ते पाहिलं पाहिजे. हे मत नवं वाटेल, पण गरिबी मोजण्याच्या आपल्या इतिहासातच त्याची मुळं सापडतात.

दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढलं आणि त्याच्या शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला. स्वतंत्र माणसाला कैद्याइतकंही मिळत नाही, हे दाखवण्याचा तो मार्ग होता. त्यांनी स्वतःच हेही नोंदवलं होतं की या हिशोबात सुखदुःखाच्या प्रसंगांची किंवा वाईट दिवसांची काहीच तरतूद धरलेली नाही. ती फक्त श्वास चालू ठेवण्याची किंमत होती. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली सरकारच्या अभ्यासगटानं पहिली अधिकृत म्हणावी अशी रेषा आखली: १९६०-६१ च्या किमतींत माणशी दरमहा वीस रुपये. तिच्यात एक अट होती, जी पुढं सगळे विसरले. आरोग्य आणि शिक्षण यांचा खर्च या वीस रुपयांत धरलेला नव्हता, कारण ती जबाबदारी राज्याची मानली होती. सरकारी दवाखाना आणि सरकारी शाळा सर्वांना मिळणारच, तेव्हा गरीब माणसानं फक्त खाण्यापिण्याचं, कपड्यालत्त्याचं पाहायचं, असा त्यामागचा विचार. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी माणशी रोज २,२५० उष्मांक ही कसोटी धरली. १९७९ पासून सरकारी रेषाही उष्मांकांवरच बेतली गेली: खेड्यात २,४००, शहरात २,१००. पुढची तीस वर्षं रेषा महागाईनुसार वर सरकत राहिली, पण तिच्या पोटातलं गृहीतक तेच राहिलं. त्याच काळात गावातल्या उपकेंद्राला कुलूप दिसू लागलं आणि तालुक्याच्या रस्त्यावर खासगी रुग्णालयांच्या पाट्या वाढत गेल्या. राज्यानं उचलायचा भार माणसाच्या खिशावर आला, पण रेषेला त्याचा पत्ता नव्हता. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर यांच्या समितीनं हे मान्य केलं आणि खासगी औषधोपचाराचा खर्च रेषेत घेतला. मात्र त्यांनी घेतला तो लोकांचा तेव्हा साधारणपणे होणारा खर्च. दुखणं साधारणपणे येत नाही. दहा घरांपैकी नऊ घरं एखादं वर्ष सुखरूप काढतात आणि दहावं घर कोसळतं. सरासरीच्या रकान्यात त्या दहाव्या घराचा खर्च नवांवर वाटला जातो. प्रत्यक्षात तो कुणी वाटून घेत नाही.

या कोसळण्याचा माग अभ्यासकांनी काढला आहे. अनिरुद्ध कृष्णा यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र आणि पुढं भारताबाहेरही गावागावांत बसून कुठली घरं वीस-पंचवीस वर्षांत वर आली आणि कुठली खाली गेली, याच्या कहाण्या गावकऱ्यांकडूनच गोळा केल्या. २०१० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं शीर्षकच सांगतं की गरिबी एका आजारपणाइतकी जवळ आहे. दुष्काळ, दारू, लग्नाचा खर्च ही नेहमी सांगितली जाणारी कारणं होतीच, पण घरं खाली ढकलण्यात आजारपण आणि त्याचा खर्च सर्वांत पुढं होता. चारू गर्ग आणि अनुप करण यांनी १९९९-२००० च्या पाहणीच्या आधारे उलटा हिशोब केला. लोकांच्या एकूण खर्चातून औषधोपचाराचा खर्च वजा केला, तर रेषेच्या वर दाखवलेल्यांपैकी आणखी सव्वातीन कोटी माणसं रेषेखाली येतात असं त्यांना दिसलं. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं चर्चेसाठी ठेवलेल्या आरोग्य धोरणाच्या मसुद्यात तर दरवर्षी सहा कोटींहून अधिक माणसांना उपचारांच्या खर्चामुळे गरिबीला तोंड द्यावं लागतं, असं लिहिलेलं आहे. पद्धती वेगळ्या, वर्षं वेगळी, म्हणून आकडे जुळत नाहीत. पण यातला लहान आकडाही लहान नाही.

इथं महागाईचा प्रश्न येऊन मिळतो, आणि त्याबद्दलही सरासरीवर विसंबून चालत नाही. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात, ज्यावरून दशकभर महागाईचा दर जाहीर होत राहिला, खाद्यपदार्थ आणि पेयांना ग्रामीण भागात सुमारे ५४ टक्के आणि शहरात ३६ टक्के वजन होतं. ही वजनं एकूण रुपयांवरून ठरतात, घरांवरून नव्हे. जो जास्त खर्च करतो त्याच्या सवयी निर्देशांकात जास्त उतरतात. शेतमजुरांसाठी वेगळा निर्देशांक फार पूर्वीपासून आहे आणि १९८६-८७ पायाच्या त्या निर्देशांकात अन्नाचं वजन ६९ टक्क्यांच्या घरात होतं. दोन्ही आकड्यांच्या मध्ये जो माणूस उभा आहे, त्याला कुठली महागाई भोगावी लागते? ऑक्टोबर २०२४ घ्या. सर्वसाधारण महागाई ६.२१ टक्के, अन्नाची १०.८७ आणि भाज्यांची ४२ टक्क्यांच्या वर. ज्याच्या खर्चात अन्न एक तृतीयांश आहे त्याला या महिन्यानं चिमटा काढला. ज्याचा दोन तृतीयांश पैसा अन्नावर जातो, त्याच्या घरात भाजी दोन वेळची एक वेळ झाली, डाळीत पाणी वाढलं आणि अंडी बंद झाली. भात-भाकरी मात्र बंद होत नाही, कारण रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं. ही सोय मोठी आहे, कोविडच्या काळात तिनं लोकांना तगवलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्यामुळे महागाईचा सगळा भार प्रथिनांवर, भाज्यांवर, दुधावर आणि औषधांवर येऊन पडतो. पोट भरतं, रक्त भरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आणि पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची खुंटलेली आढळली. ही अवस्था देशातल्या संपन्न म्हणवणाऱ्या राज्याची आहे.

अन्नाचा आणि दुखण्याचा संबंध किती थेट आहे हे क्षयरोगात सर्वांत स्पष्ट दिसतं. झारखंडमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतल्या दहा हजारांहून अधिक माणसांपैकी एका गटाला दरमहा धान्य, डाळ यांसारखा शिधा आणि जीवनसत्त्वं दिली गेली. त्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटलं. नवं औषध नव्हतं, लस नव्हती, फक्त जेवण होतं. क्षयरुग्णाला खुराक हवा हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे, आणि सरकारलाही ते पटलेलं आहे. म्हणूनच एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ मध्ये हजार रुपये झाली, हे चांगलंच झालं. पण मधल्या साडेसहा वर्षांत किमती चाळीस टक्क्यांच्या आसपास चढल्या आणि पाचशे मात्र पाचशेच राहिले. ज्या रकमेत सुरुवातीला दूध, अंडी आणि शेंगदाणे बसत होते, त्यात शेवटी यांतलं एखादं गळालेलं असणार. महागाईनं इथं थेट औषधाचा डोस कमी केला. गोळीचा डोस कुणी न सांगता कमी केला असता तर चौकशी लागली असती.

गरिबी, दुखणं आणि पैसा यांची गाठ किती घट्ट बसते याचं महाराष्ट्रातलं सर्वांत वेदनादायक उदाहरण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं आहे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती तोडणीतून फेडायची असते. एक दिवस काम बुडालं की खाडा धरला जातो, मजुरी जातेच आणि वर दंड बसतो. फडाच्या कडेला उभारलेल्या कोप्यांत संडास नाही, न्हाणी नाही, पाण्याची वानवा, आणि डोक्यावर मोळ्या वाहायच्या. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग हे सगळं अंगावर काढलं जातं आणि शेवटी डॉक्टर गर्भपिशवी काढायला सांगतात. पाळी नाही म्हणजे खाडा नाही, हेही त्या निर्णयात असतं. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीपुढं आलेल्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. दर सहा जणींमागे एक! देशभरातल्या स्त्रियांत हे प्रमाण तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास होतं. अनेक जणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल वाढते, ती फेडायला पुढच्या हंगामाचा कोयता बांधला जातो, आणि कमी वयात पिशवी गेल्यानं कंबर, हाडं, सांधे आधीच थकू लागतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवून मिळाला, तो संघर्ष करूनच मिळाला. पण ज्या बाईचं शरीर तिशीतच झिजलं, तिला वाढलेल्या दरानं किती टन तोडता येणार? तिच्या घराच्या वार्षिक खर्चाची नोंद घेतली, तर शस्त्रक्रियेचं वर्ष हे सर्वांत ‘चांगलं’ वर्ष ठरेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की देशातली गरिबी तर झपाट्यानं घटते आहे. नीती आयोगाच्या अंदाजानुसार बहुआयामी गरिबी २०१३-१४ मधल्या २९ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ११ टक्क्यांवर आली. हे खोटं मानण्याचं कारण नाही. वीज, गॅस, संडास, बँक खातं, पक्कं घर या गोष्टी खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत आणि त्यानं बायकांचं जगणं खरोखर हलकं झालं आहे. पण त्या निर्देशांकाच्या बारा कसोट्यांत आरोग्य म्हणजे पोषण, बालमृत्यू आणि मातेची काळजी. उपचारासाठी कर्ज काढावं लागलं का, हा प्रश्न त्यात नाही. घरात संडास आणि गॅस असलेलं कुटुंब डायलिसिसच्या फेऱ्यांत बुडू शकतं, आणि ते बुडालं तरी त्याचा संडास आणि गॅस जागेवरच राहतात. गरिबीतून बाहेर आलेल्यांची मोजदाद करणं जितकं आवश्यक आहे, तितकंच त्यांच्या पायाखालची जमीन किती पक्की आहे हे पाहणंही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकारी आरोग्यखर्च वाढला, विमा योजना आल्या, मग लोकांच्या खिशावरचा भार उतरला नाही का? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात २०१२ पासून जीवनदायी योजना आहे, पुढं तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि तिचं कवच पाच लाखांपर्यंत नेलं गेलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालं. हृदयाच्या झडपेसाठी किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वी शेत विकणारी घरं या योजनांमुळे वाचली, आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. तरी दोन गोष्टी उरतात. एक, हे कवच मुख्यतः दाखल होणाऱ्यासाठी आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, मिरगी, मानसिक आजार यांचा रोजचा खर्च रुग्णालयाच्या खाटेवर होत नाही, मेडिकलच्या काउंटरवर होतो. खिशातून जाणाऱ्या पैशात सर्वांत मोठा वाटा औषधांचाच आहे, आणि अत्यावश्यक यादीतल्या औषधांचे कमाल भावसुद्धा घाऊक निर्देशांकाला बांधलेले असल्यानं एप्रिल २०२२ मध्ये १०.७७ आणि एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्क्यांनी वाढवण्याची मुभा मिळाली. बुडालेली मजुरी, सोबत्याचं जेवण, गाडीभाडं हे तर कुठल्याच विम्यात बसत नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. खिशातला खर्च कमी होणं म्हणजे दरवेळी दिलासा नसतो. पैसे नाहीत म्हणून ज्यानं डॉक्टरकडे जायचंच टाळलं, तीस गोळ्यांऐवजी दहाच घेतल्या, मोतीबिंदू तसाच ठेवला, त्याचाही खर्च कमीच दिसतो. वाढलेला खर्च सुख दाखवत नाही, तसाच घटलेला खर्चही आपोआप सुख दाखवत नाही. बिल कुणी भरलं आणि उपचार पुरा झाला का, हे दोन्ही विचारावं लागतं.

महागाई तर आता ओसरली, असंही म्हणता येईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आला आणि अन्नपदार्थ, विशेषतः भाज्या, आधीच्या वर्षाहून चक्क स्वस्त झाले. शहरातल्या मजुराला त्यानं श्वास मिळाला. पण आधीच्या चार-पाच वर्षांत चढलेल्या बाकीच्या किमती उतरल्या नाहीत, त्यांचा चढ थांबला एवढंच. आणि मराठवाड्यातल्या ज्या घरानं महागाईच्या दिवसांत आजारपणासाठी शेकडा तीन रुपयांनी पैसे उचलले, त्याचं व्याज स्वस्ताईत कमी होत नाही. उलट कांदा-सोयाबीनचे भाव पडले की तेच कर्ज फेडायला जास्त पोती लागतात. अन्न महाग झालं तर शेतकऱ्याचं भलं होतं, या समजुतीलाही मर्यादा आहे. लहान शेतकरी सुगीत विकतो आणि वर्षभर विकत घेऊन खातो.

यातून मार्ग आहेत आणि ते आपल्या ऐपतीबाहेरचे नाहीत. तामिळनाडूनं १९९० च्या दशकात औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारून सरकारी दवाखान्यांत औषध नाही ही तक्रारच कमी केली. राजस्थाननं २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू केली. थायलंडनं २००२ मध्ये, श्रीमंत होण्याची वाट न पाहता, तीस बाथमध्ये उपचार देणारी व्यवस्था सुरू केली आणि तिच्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही होती. तिथं खिशातला वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आला. आपण मात्र २०१७ च्या धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं लिहिलं आणि २०२१-२२ मध्ये, कोविडच्या काळातही, १.८४ टक्क्यांवर होतो. पैशांइतकाच प्रश्न रक्कम महागाईशी बांधण्याचा आहे. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा निर्देशांकानुसार ठरतो, आणि ते योग्यच आहे. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात मात्र ६० ते ७९ वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून दरमहा २०० रुपये आहे. राज्यानं आपली भर घालून संजय गांधी, श्रावणबाळ या योजनांची रक्कम २०२३ मध्ये १,५०० पर्यंत आणली, म्हणून महाराष्ट्रातला वृद्ध थोडा तरी सावरला. केंद्राचे दोनशे तेवढेच राहिले. आजच्या किमतींत ते तेव्हाच्या जेमतेम साठ-पासष्ट रुपयांचं काम करतात, आणि हे वय गोळ्यांचं असतं.

मोजमापाच्या बाबतीत तर नव्या पाहणीचीही गरज नाही. २०२२-२३ आणि २०२३-२४ अशा लागोपाठ दोन वर्षांच्या घरगुती खर्चाच्या पाहण्या हाताशी आहेत. २०२३-२४ मध्ये ग्रामीण माणसाचा सरासरी मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी माणसाचा ६,९९६ रुपये निघाला. त्याच कागदांत दवाखान्याचा आणि औषधांचा रकाना आधीच भरलेला आहे. तो वजा करून दुसरा तक्ता पहिल्याच्या शेजारी छापता येईल, सर्वांत खालच्या दहा टक्क्यांपासून सर्वांत वरच्यांपर्यंत, जिल्हावार शक्य असेल तिथं जिल्हावार. पुढच्या फेरीत दोन प्रश्न वाढवता येतील: गेल्या वर्षात उपचारासाठी कर्ज काढलं का, आणि पैशाअभावी सांगितलेलं औषध अर्धवट सोडलं का.